आल्फ्रेड ब्यूखी

आल्फ्रेड ब्यूखी (जन्म : ११ जुलै १८७९, विंटरथुर, स्वित्झर्लंड, मृत्यू : २७ ऑक्टोबर १९५९, विंटरथुर) हे स्विस यंत्र अभियंता होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून त्याच्या साहाय्याने इंजिनात अधिक हवा दाबून भरण्याच्या पद्धतीचे, म्हणजे आज ‘टर्बो’ या आटोपशीर नावाने ओळखल्या जाणाऱ्या टर्बोचार्जरचे, ते जनक मानले जातात. जहाजे, रेल्वे इंजिने, जनित्रे आणि मालवाहू ट्रक यांतील बहुतेक मोठी डिझेल इंजिने त्यांच्या पद्धतीवर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतात. त्यांच्या आडनावाचा उच्चार इंग्रजी वळणाने ‘बुची’ असाही केला जातो. जर्मन भाषेतील मूळ उच्चार ‘ब्यूखी’ याच्या अधिक जवळचा आहे.

जन्म व शिक्षण

विंटरथुर हे झ्युरिकजवळचे उद्योगनगर. सुल्झर बंधूंचा प्रसिद्ध यंत्रकारखाना याच गावचा, आणि आल्फ्रेड यांचे वडील योहान ब्यूखी हे त्याच कारखान्यात वरिष्ठ अधिकारी होते. ज्या वर्षी आल्फ्रेड यांचा जन्म झाला, त्याच १८७९ साली रुडॉल्फ डिझेल हा तरुण विद्यार्थी आजारपणामुळे म्युनिकची अंतिम परीक्षा हुकल्याने काही काळ सुल्झरच्या कारखान्यात उमेदवारी करीत होता. पुढे १८९८ मध्ये सुल्झरने आपले पहिले डिझेल इंजिन बांधले. ब्यूखी यांचे बालपण व तारुण्य अशा प्रकारे डिझेल इंजिनाच्या उदयकाळातच, आणि त्याच्या एका प्रमुख केंद्रात गेले.

१८९९ मध्ये त्यांनी झ्युरिकच्या संघराज्यीय तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि १९०३ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदविका मिळविली. वाफेच्या टरबाइनचे अधिकारी अभ्यासक ऑरेल स्टोडोला हे त्या काळी या संस्थेत प्राध्यापक होते. दट्ट्याच्या इंजिनांचे शहर आणि टरबाइनचे विद्यापीठ, या दोन्हींचा संस्कार ज्याच्यावर झाला त्याला या दोन यंत्रांची सांगड घालावीशी वाटली, यात नवल नाही. शिक्षणानंतर त्यांनी बेल्जियममधील गेंट येथील कॅरेल्स या इंजिन कारखान्यात व इंग्लंडमध्ये काम केले.

१९०५ चे पेटंट

१६ नोव्हेंबर १९०५ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ब्यूखी यांनी आपल्या कल्पनेसाठी जर्मन पेटंट कार्यालयात अर्ज केला. हे पेटंट २०४६३० या क्रमांकाने नोंदले गेले. त्यामागचा विचार मुळात जमाखर्चाचा आहे. इंजिनात जाळलेल्या इंधनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच दांड्यावर कामाच्या रूपाने मिळतो. तितकाच भाग थंड करणाऱ्या पाण्यातून जातो आणि उरलेला तितकाच निष्कास वायूंबरोबर धुराड्यातून बाहेर फेकला जातो. हा शेवटचा भाग पदरात पाडून घ्यावा, त्यावर टरबाइन फिरवावे, त्याच दांड्यावर हवा दाबणारा संपीडक बसवावा आणि सिलिंडरला वातावरणापेक्षा अधिक दाबाची हवा द्यावी, असे त्यांनी सुचविले.

यातून शक्ती का वाढते, हे समजण्यास कठीण नाही. डिझेल इंजिनात इंधन कितीही फवारता येते. पण ते जाळण्यासाठी लागणारी हवा सिलिंडरच्या आकारमानाने मर्यादित होते. हवेपेक्षा इंधन अधिक झाले की ते अर्धवट जळते व काळा धूर होतो. तेवढ्याच सिलिंडरमध्ये दीडपट वजनाची हवा कोंबली, तर त्या प्रमाणात इंधनही अधिक जाळता येते.

कागदावर सरळ दिसणारी ही योजना प्रत्यक्षात उतरण्यास वीस वर्षे लागली. जर्मन कायद्यानुसार त्या काळी पेटंटची मुदत पंधरा वर्षांची असे, हे लक्षात घेतले म्हणजे या विलंबाचे मोल कळते.

सुल्झरमधील वर्षे

१९०९ मध्ये ब्यूखी सुल्झरमध्ये दाखल झाले व तेथील डिझेल संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९११ मध्ये त्यांनी विंटरथुर येथे निष्कास टरबाइन जोडलेल्या इंजिनावर प्रयोग सुरू केले. परिणाम निराशाजनक होते, आणि त्याचे कारण तत्त्वात नसून त्या काळच्या यंत्रसामग्रीत होते.

टरबाइन निष्कास मार्गात बसविले की ते वायूंना अडथळा करते. त्यामुळे सिलिंडरबाहेर उलटा दाब निर्माण होतो. टरबाइन व संपीडक हे दोन्ही चांगल्या कार्यक्षमतेचे असतील, तरच आत येणाऱ्या हवेचा दाब या उलट्या दाबापेक्षा वर राहतो. त्या काळी दोन्ही यंत्रे उधळी होती. मिळविलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा स्वतःच खाऊन टाकीत. परिणामी हवा मिळण्याऐवजी जळालेला वायूच सिलिंडरमध्ये तुंबून राही. शिवाय तप्त वायूंत दीर्घकाळ टिकणाऱ्या धातूंचाही अभाव होता.

कारखान्याच्या व्यवस्थापनाचा या कल्पनेवर फारसा विश्वास बसला नाही. १९१५ मध्ये ब्यूखी यांनी बाडेन येथील ब्राऊन बोव्हेरी या टरबाइन बनविणाऱ्या कंपनीकडे सहकार्याचा प्रस्ताव नेला, परंतु तेव्हा करार होऊ शकला नाही. याच सुमारास त्यांनी एक महत्त्वाची भर घातली. निष्कास झडप बंद होण्यापूर्वीच हवेची झडप उघडावी, म्हणजे काही क्षण दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहतील आणि दाबाची ताजी हवा सिलिंडर आरपार धुऊन काढील. यामुळे उरलासुरला जळका वायू बाहेर जातो व झडपा आणि टरबाइनची पाती यांचे तापमानही आटोक्यात राहते. आजच्या चार धावांच्या टर्बो इंजिनांत ही झडपांची योजना सर्रास आढळते.

याच काळात इतरत्रही प्रयत्न चालू होते. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी पहिल्या महायुद्धात विमानाच्या इंजिनांसाठी निष्कास टरबाइन वापरून पाहिले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर लिबर्टी विमान इंजिनाची चाचणी घेतली. उंचावरील विरळ हवेमुळे गमावलेली शक्ती भरून काढणे, हा त्या प्रयोगांचा हेतू होता. समुद्रसपाटीवरच्या इंजिनाला त्याच्या मूळ शक्तीपलीकडे नेणे हे ब्यूखी यांचे उद्दिष्ट मात्र निराळे होते. टर्बोचार्जरचा शोध कोणी लावला या वादात हा फरक बहुधा दुर्लक्षिला जातो.

स्पंद पद्धती

१९२३ च्या सुमारास ब्राऊन बोव्हेरीने टर्बोचार्जर बांधण्याचा निर्णय घेतला. कंपनीचा पहिला टर्बोचार्जर जून १९२४ मध्ये बाडेनच्या कारखान्यातून बाहेर पडला व विंटरथुरच्याच स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्स या कंपनीच्या इंजिनावर बसविला गेला. मात्र खरा पालट झाला तो ब्यूखी यांच्या १९२५ मधील पेटंटमुळे.

तोपर्यंत सर्व सिलिंडरांचे निष्कास एका मोठ्या नळात एकत्र करून, तेथे दाब स्थिर झाल्यावर वायू टरबाइनकडे नेत. ब्यूखी यांनी याच्या नेमके उलट केले. निष्कास झडप उघडताच सिलिंडरमधून वायूचा जो जोरदार ठोका बाहेर पडतो, तो मोठ्या नळात पसरून विरून जाऊ न देता अरुंद नळीतून थेट टरबाइनच्या पात्यांपर्यंत न्यावा, असे त्यांनी ठरविले. प्रत्येक ठोक्याची ऊर्जा टरबाइनला मिळते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात नळीतील दाब खाली येतो. नेमक्या त्याच वेळी दोन्ही झडपा उघड्या असल्याने ताजी हवा सिलिंडर धुऊन काढू शकते. कार्यक्षमता बेताची असलेल्या टर्बोचार्जरवरही ही युक्ती चालते, आणि यातच तिचे मर्म आहे. ब्यूखी वीस वर्षे उत्तम टरबाइनची वाट पाहत थांबले असते, तर कदाचित दुसराच कोणी पुढे गेला असता. त्यांनी आहे त्या टरबाइनला साजेसा नळ शोधला.

यात एक पथ्य पाळावे लागते. एका सिलिंडरचा ठोका दुसऱ्याच्या धुण्याच्या वेळी त्याच नळीत आला, तर जळका वायू उलटा आत शिरतो. म्हणून ज्यांच्या निष्कासांत पुरेसे अंतर आहे असेच सिलिंडर एका नळीस जोडावे लागतात. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम सामान्यतः १-५-३-६-२-४ असा असतो. त्यात पहिल्या तीन सिलिंडरांची एक नळी आणि शेवटच्या तीनांची दुसरी केली, की प्रत्येक नळीत दांड्याच्या २४० अंशांच्या अंतराने ठोके येतात. ट्रकच्या इंजिनाचा निष्कास नळ दोन भागांत विभागलेला आणि टर्बोच्या तोंडाशी मध्ये पडदा असलेला दिसतो, तो याच कारणाने.

जहाजे, संघ आणि मान्यता

श्टेटिन येथील व्हल्कन गोदीत बांधल्या गेलेल्या ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्त्सिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ब्यूखी यांच्या देखरेखीखाली टर्बोचार्जर बसविण्यात आले. दहा सिलिंडरच्या त्या इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. इंजिनाचा आकार तोच राहून शक्ती सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. जहाज बांधणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ लहान यंत्रघर आणि मालासाठी व प्रवाशांसाठी अधिक जागा असा होता. प्रयोगशाळेतील आकड्यांनी जे मन वळले नव्हते, ते या दोन जहाजांनी वळविले.

यानंतर ‘ब्यूखी संघ’ स्थापन झाला. त्यात इंजिनासंबंधीचे तांत्रिक काम व ग्राहकांशी संबंध ब्यूखी यांच्याकडे, टर्बोचार्जर ब्राऊन बोव्हेरीकडे आणि इंजिने व्हल्कनकडे अशी वाटणी होती. व्हल्कनचा व्यवसाय बंद पडल्यावर तिची जागा स्विस लोकोमोटिव्हने घेतली. सुल्झर सोडून ब्यूखी तेथेच गेले होते. या कंपनीत तयार झालेल्या ब्यूखी इंजिनाची चाचणी १९२० च्या दशकाच्या अखेरीस खुद्द स्टोडोला यांनी घेतली आणि तिच्या निष्कर्षांमुळे अभियंत्यांतील उरलीसुरली शंका मावळली. पुढील वर्षांत युरोप व अमेरिकेतील अनेक इंजिन कारखान्यांनी या पद्धतीचे परवाने घेतले.

१९३८ मध्ये झ्युरिकच्या संस्थेने ब्यूखी यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधीलच सॉरर कंपनीने ट्रकसाठी टर्बोचार्जर असलेले डिझेल इंजिन बाजारात आणले. रस्त्यावरील वाहनांत मात्र ही पद्धत रुळण्यास दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला. ब्यूखी यांचे १९५९ मध्ये जन्मगावीच, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, निधन झाले.

रेल्वे इंजिने

अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने (अल्को) ब्यूखी पद्धतीचा रेल्वेसाठी मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. तिच्या ५३९ या सहा सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती टर्बोविना ६६० आणि टर्बोसह १,००० अश्वशक्ती होती. भारताचा या परंपरेशी थेट संबंध आहे. अल्कोच्या तंत्रज्ञानावर वाराणसी येथे बांधलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची २,६०० अश्वशक्तीची इंजिने सोळा सिलिंडरची व टर्बोयुक्त होती, आणि ती कित्येक दशके देशभर धावली. गाडी सुटताना ही इंजिने काळ्या धुराचा लोट सोडत, हे पुणे-मिरज मार्गावर प्रवास केलेल्या पिढीला आठवत असेल. चालकाने खटका वाढविताच इंधन तत्काळ वाढे. पण जड टरबाइनला वेग घेण्यास काही सेकंद लागत व तोवर हवा अपुरी पडे. तो धूर म्हणजे ब्यूखी यांच्या पद्धतीतील अंगभूत उणिवेचे डोळ्यांना दिसणारे रूप होय.

ट्रकमधील शक्तिक्षय

घाट चढताना भरलेला ट्रक ओढत नाही, टर्बोचा दाब भरत नाही, अशी तक्रार आली की टर्बोच बदलण्याकडे कल असतो. टर्बो महाग असतो आणि बऱ्याचदा निर्दोष निघतो. टरबाइनला स्वतःची ऊर्जा नाही. इंजिन जे देते त्यावरच ते फिरते, आणि ते जी हवा देते तिच्यावर इंजिन. या वर्तुळात कोठेही गळती वा अडथळा झाला, तरी लक्षण एकच दिसते. म्हणून तपासणी वर्तुळाच्या क्रमाने करणे श्रेयस्कर असते.

प्रथम धूर पाहिला जातो. दाब कमी आणि धूर काळा, तर इंधन पोहोचत आहे, हवा हरवत आहे. दाब कमी आणि भाराखालीही धूर नाही, तर बहुधा इंधनच अपुरे आहे. चोंदलेला डिझेल फिल्टर, नळीत शिरलेली हवा किंवा थकलेला पंप अशा वेळी निष्कासात पुरेशी उष्णता नसते, टरबाइन मंद फिरते आणि निरोगी टर्बोही आजारी भासतो. नव्या वाहनांत काजळी गाळणारी जाळी धूर अडवून धरते, त्यामुळे तेथे या लक्षणावर विसंबता येत नाही. दाबाचे मापनही भरलेली गाडी चढावर ओढत असतानाच घ्यावे लागते. उभ्या गाडीत नुसता एक्सलरेटर दाबून टर्बोचा खरा दाब दिसत नाही, कारण भाराविना निष्कासात ऊर्जाच नसते.

हवेच्या बाजूस पहिला संशय एअर फिल्टरवर आणि त्यापुढील नळीवर घेतात. जुनी रबरी नळी ओढीने आत चिमटते व इंजिन बंद करताच पूर्ववत दिसते, त्यामुळे ती सहज नजरेतून सुटते. संपीडकापुढे इंटरकूलर व त्याच्या होस पाईपांची जोडणी असते. तेथील गळती शिटीसारख्या आवाजाने किंवा सांध्यावरील तेलकट, धूळ चिकटलेल्या डागाने ओळखू येते. नळमार्ग बंद करून बेताच्या दाबाची हवा सोडणे व सांध्यांवर साबणाचे पाणी लावणे ही जुनी रीत आजही सर्वांत खात्रीची आहे. इंटरकूलर आतून फुटलेला असेल, तर बाहेरून पाहून तो कळत नाही; ही रीत तो दाखविते.

निष्कासाच्या बाजूस टरबाइनच्या अलीकडची गळती आणि पलीकडचा अडथळा असे दोन निराळे दोष संभवतात. अलीकडे नळाला तडा गेला किंवा गॅस्केट जळाले, तर ठोका पात्यांपर्यंत पोहोचण्याआधीच निसटतो. त्या जागी काजळीची रेघ उमटते आणि थंड इंजिन सुरू करताना टकटक ऐकू येते. पलीकडे सायलेन्सर किंवा काजळीची जाळी तुंबली, तर टरबाइनच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरकच नाहीसा होतो. या फरकावरच तर टरबाइन फिरते.

अतिरिक्त दाब सोडून देणारी बगलझडप, म्हणजे वेस्टगेट, उघडीच अडकून राहिली तर वायू पात्यांना वळसा घालून निघून जातो. बदलत्या कोनाची पाती असलेल्या टर्बोत ती काजळीने जखडली, तरी हाच परिणाम होतो. वेस्टगेटच्या पडद्याला जाणारी बारीक नळी, तिची काडी मोकळी हलते की नाही आणि दाबाचा सेन्सर खरे सांगतो की नाही, हे पाहण्यास फार वेळ लागत नाही. सेन्सरने चुकीचा दाब कळविला, तर नियंत्रक संगणक स्वतःहून इंधन कमी करतो व गाडी मंदावते, यंत्रात काहीही मोडलेले नसताना.

इतके सारे निर्दोष ठरल्यावर टर्बो उघडावा. प्रतिमिनिट लाखभर फेरे घेणारा त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो हाताने फिरविताना पाती घराला घासत असतील, तर टर्बो खराब झाला हे निश्चित. पण मग तेलाची नळी कार्बनने आवळली आहे काय, परतीचा मार्ग तुंबला आहे काय, तेल वेळेवर बदलले गेले काय, हे पाहिल्याविना नवा टर्बो बसविला, तर तोही त्याच वाटेने जातो. घाट चढून येताच इंजिन तत्काळ बंद न करता दोन-तीन मिनिटे संथ चालू ठेवण्याची जुन्या चालकांची सवय याच दांड्याच्या रक्षणासाठी आहे. तेलाचा प्रवाह थांबला, की तापलेल्या घरातील उरलेले तेल जळून तेथेच कार्बन होऊन बसते.

एक दोष मात्र क्वचितच तपासला जातो. निष्कास नळाच्या दोन भागांमधील किंवा टर्बोच्या तोंडातील पडदा उष्णतेने तडकतो. दोन्ही बाजूंचे ठोके एकमेकांत मिसळू लागतात. बाहेर गळती नाही, आवाज नाही, काजळीची रेघही नाही. वेग घेतलेल्या गाडीत दाब जवळजवळ ठीक दिसतो, कारण तेथे वायूंचा लोंढाच मोठा असतो. कमी फेऱ्यांवर, चढणीच्या पायथ्याशी, दाब मात्र उशिरा भरतो. अशा वेळी टर्बो उतरवून नळाच्या तोंडात दिवा धरून पाहावे लागते.